प्रतिज्ञेला पुढे केलेला हात

नेकारकाठ

गेल्या पंधरा ऑगस्टची गोष्ट. म्हणजे पंधराच्या आधीच्या शनिवारची, कारण इथं सगळे सणवार शनिवारीच येतात. दक्षिण जर्मनीतलं आमचं गाव लहान, मराठी घरं मोजकी, मंडळाचा हॉल भाड्याचा. झेंडावंदन झालं, जन गण मन झालं आणि काकूंनी खणखणीत आवाजात पुकारा केला, 'प्रतिज्ञा!' अकरा पोरं ओळीत उभी. दोन आठवडे तालीम झालेली. अकरा उजवे हात खांद्याच्या रेषेत समोर आले. तळवे खाली, बोटं जुळलेली. 'भारत माझा देश आहे...'

हॉलची देखभाल बघणारा हाउसमाइस्टर, सत्तरीचा गृहस्थ, पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट घेऊन दारातून आत येत होता. तो दारातच थांबला. क्रेट खाली ठेवला नाही, पाऊलही पुढं टाकलं नाही. मी लगबगीनं त्याच्याकडे गेलो. त्यानं विचारलं, मुलं काय म्हणतायत? मी सांगितलं, आमच्या शाळेतली प्रतिज्ञा आहे, देशावर प्रेम आहे, वडीलधाऱ्यांचा मान ठेवीन, सौजन्यानं वागेन, असं आहे त्यात. त्यानं मान डोलावली. म्हणाला, 'तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण रस्त्याकडचे पडदे तेवढे ओढून घ्या.'

ओढले. 'समृद्ध आणि विविधतांनी नटलेल्या परंपरांचा' अभिमान माझी मुलगी मागं सांगत होती आणि मी दोरीत अडकलेला पडदा सोडवत होतो.

यंदाच्या कार्यक्रमाची बैठक तोंडावर आहे आणि नाझी सलामीसारखा दिसणारा हा हात ठेवायचा की नाही यावरून मंडळात दोन तट पडलेत. म्हणून हिवाळ्यात जे वाचलं ते इथं टाकतो. मत द्या, पण आधी वाचा, ही नम्र विनंती.

सगळे या हाताला 'रोमन सलामी' म्हणतात. रोमन लोक असं अभिवादन करत होते असा एकही जुना लेखी पुरावा नाही. पुतळ्यांमध्ये हात उचललेला सम्राट दिसतो, ट्राजनच्या स्तंभावर हात वर केलेली माणसं दिसतात. पण ते भाषणाला उभं राहणं आहे, नाहीतर गर्दीचा जल्लोष आहे. ठरलेला नमस्कार नाही. हा ताठ हात आपल्या डोळ्यांत बसवला तो एका फ्रेंच चित्रकारानं. झाक-लुई दाविदचं 'होरातींची शपथ' हे चित्र १७८५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं. तिघे भाऊ, समोर तलवारी धरलेला बाप, आणि तलवारींकडे झेपावलेले तीन हात. रोमन इतिहासकार लिव्हीनं लिहिलेल्या मूळ कथेत हा शपथेचा प्रसंगच नाही. दाविदनं तो कल्पनेतून उभा केला आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत रंगभूमीनं, मग मूकपटांनी 'रोमन म्हणजे असा हात' हे पक्कं करून टाकलं.

दुसरा धागा अमेरिकेतला, आणि हा वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. १८९२ मध्ये कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षं होत होती. बोस्टनचं मुलांचं एक साप्ताहिक तेव्हा शाळाशाळांतून झेंडे विकायची मोहीम चालवत होतं. त्याच साप्ताहिकात फ्रान्सिस बेलमी या धर्मोपदेशकानं ध्वजनिष्ठेची प्रतिज्ञा लिहिली. सोबत कृतीही छापली: 'माझ्या ध्वजाशी' या शब्दांना उजवा हात तळवा वर ठेवून झेंड्याकडे न्यायचा. म्हणजे बाल्कनीत कुणी हुकूमशहा उभा राहायच्या तीसेक वर्षं आधी अमेरिकेतली पोरं दप्तरं बाकावर ठेवून हात लांब करत होती. जुने फोटो बघा. वेण्या, फ्रॉक, फळा, आणि ओळीनं ताठ हात. अंगावर काटा येतो. आणि त्या पोरांचा त्यात काडीचा दोष नाही.

इटलीत हे आणलं कवी दानुन्झियोनं. सप्टेंबर १९१९ मध्ये आपली फौज घेऊन तो फ्युमे शहरात घुसला. आज ते शहर क्रोएशियात रिएका नावानं आहे. सज्ज्यातून भाषणं, खाली गर्दी, आणि हे 'रोमन' हात. त्याआधी पाच वर्षं आलेल्या 'काबिरिया' या मूकपटात असेच हात होते आणि त्याच्या पाट्या याच कवीनं लिहिल्या होत्या. त्याच्याकडून मुसोलिनीनं उचललं, मुसोलिनीकडून हिटलरनं. नाझी पक्षात ते १९२६ मध्ये सक्तीचं झालं, जुलै १९३३ मध्ये सरकारी नोकरांना. त्या फर्मानात अशीही सोय होती की उजवा हात अधू असेल त्यानं डावा उचलावा! सैन्य मात्र आपली लष्करी सलामी राखून होतं. २० जुलै १९४४ चा हिटलरवरचा हल्ला फसला आणि चार दिवसांत तीही गेली.

अमेरिकेनं काय केलं? जून १९४२ मध्ये काँग्रेसनं ध्वजसंहिता केली तेव्हा त्यात बेलमीचाच हात कायम होता. युद्ध चालू असताना! २२ डिसेंबरला दुरुस्ती आली: हात छातीवर. पन्नास वर्षांची सवय सहा महिन्यांत कायद्यानं बाद.

आता आपण. आपली प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये, चीनच्या युद्धाच्या वर्षी, विशाखापट्टणमला तेलुगूत लिहिली. कोषागारात अधिकारी होते. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर प्रतिज्ञा असते, त्यांचं नाव कित्येक वर्षं नव्हतं. २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभर शाळांत म्हटली जाऊ लागली, केंद्रात शिक्षणमंत्री तेव्हा आपले न्यायमूर्ती छागला होते. म्हणजे जगानं हा हात टाकून दिल्यावर वीस वर्षांनी आपण तो शाळेच्या मैदानावर लांब केला, आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नव्हतं. सत्तरीच्या एका माणसाचा चेहरा बघेपर्यंत.

प्रश्न एवढाच: यंदा पोरांना हात पुढे करायला सांगू का?

टवाळखोर

पडदे ओढून देशप्रेम व्यक्त करणारे जगात तुम्हीच पहिले असाल :) बाकी आमच्या वेळी 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' पर्यंत हात दुखायला लागायचा आणि हळूच पुढच्या बांधवाच्या खांद्यावर टेकायचा. बांधव चिमटा काढायचा. बंधुभाव तिथंच संपायचा.

पीटीवाले सर

एकतीस वर्षं पी. टी. शिकवली, त्या अधिकारात बोलतो. प्रतिज्ञेचा हात आणि तो हात यांत फरक आहे. आपला हात जमिनीला समांतर, खांद्याच्या उंचीला, वर जाता कामा नये. कुणाचा वर गेला की मी छडीनं खाली आणत असे. (हल्ली असं लिहायचीही भीती वाटते.) मुलं आधी 'एक हात अंतर' घेऊन उभी असतात, तोच हात, तीच रेषा. नाझींचा हात तिरका वर, डोळ्यांच्या उंचीला किंवा त्याहून वर. आणि तो माणसाला उद्देशून असे. आपल्या प्रतिज्ञेत कुठल्याही माणसाचं नाव नाही. 'माझा देश आणि माझे देशबांधव यांच्याशी निष्ठा', बस.

नेकारकाठ

सर, मुद्दा एकदम मान्य, विशेषतः माणसाच्या नावाचा. पण समोरून फोटो काढला की तो कोन दिसत नाही. मंडळाच्या ग्रुपवर आलेला फोटो मी झूम करून पाहिला. पहिल्या रांगेतला पाच वर्षांचा आर्य उत्साहाच्या भरात हात पार डोक्याच्या वर घेऊन उभा आहे. तुमची छडी इथं नव्हती.

उंबरठा

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपण का बदलायचं? पाप त्यांच्या आज्यापणज्यांनी केलं, पडदे आपण ओढायचे? उद्या म्हणतील दारातलं स्वस्तिक पुसा, परवा म्हणतील लक्ष्मीपूजनाला वहीवर काढू नका. एकदा मागं सरकलं की सरकतच जायचं.

मेलबर्नची_माहेरवाशीण

उंबरठा, स्वस्तिकाचं उदाहरण उलट बाजूनं लागू पडतं. आमच्या व्हिक्टोरिया राज्यानं २०२२ मध्ये नाझी चिन्हावर बंदी घालणारा कायदा केला, त्यात हिंदू, बौद्ध आणि जैनांच्या स्वस्तिकाला स्पष्ट सूट आहे. आमच्या दाराशी रांगोळीत स्वस्तिक आहे, कुणी हरकत घेतलेली नाही. पुढच्या वर्षी तिथंच नाझी सलामीवरही बंदी आली. आपण समजावून सांगितलं तर लोक ऐकतात. पण समजावण्याजोगं काहीतरी हातात हवं. स्वस्तिकाला हजारो वर्षं आहेत. हाताला?

नेकारकाठ

हेच मला म्हणायचं होतं आणि नीट म्हणता येत नव्हतं. स्वस्तिकासाठी मी हाउसमाइस्टरशी, नगरपालिकेशी, वेळ पडली तर कोर्टातही भांडेन. ते आजीच्या देवघरातलं आहे. हात फार तर माझ्या बाबांच्या शाळेतला आहे. प्रतिज्ञेचे शब्द आपले आहेत. हात कुठूनसा आला आणि राहिला.

काळा_कोट

कायद्याचं बोलतो. जर्मन दंडसंहितेचं कलम ८६अ: नाझी खुणांचं प्रदर्शन, सलामी त्यात आलीच, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. शिक्षण, कला, इतिहास, वार्तांकन यांना सूट. ऑगस्ट २०१७ मध्ये बर्लिनला संसदेसमोर दोन चिनी पर्यटकांनी गंमत म्हणून हात वर करून एकमेकांचे फोटो काढले, पोलिसांनी तिथंच ताब्यात घेतलं, प्रत्येकी पाचशे युरो भरून सुटले. मुलांच्या प्रतिज्ञेवर कुणी खटला भरेल असं मला वाटत नाही, हेतूच नाही. इटलीचं निराळंच: तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं की नुसता हात पुरेसा नाही, फॅसिस्ट पक्ष पुन्हा उभा राहण्याचा धोका त्या प्रसंगातून दिसतो का ते पाहायचं. दोन्ही देश होरपळलेले, निकष वेगवेगळे.

पण मला या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण वेगळं वाटतं. पेन्सिल्व्हेनियातलं मायनर्सव्हिल, १९३५. यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथातल्या एका घरातली बहीण-भाऊ, बारा आणि दहा वर्षांची. झेंड्याला सलामी म्हणजे मूर्तिपूजा, म्हणून हात करणार नाही म्हणाली. शाळेनं काढून टाकलं. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं शाळेची बाजू घेतली. त्यानंतर देशभर त्या पंथाच्या लोकांना मारहाण झाली. आणि त्याच सुमारास जर्मनीत त्याच पंथाची माणसं हिटलरला हात करत नाहीत म्हणून छळछावणीत होती. आता बोला.

तीन वर्षांत न्यायालयानं स्वतःचाच निकाल फिरवला. १४ जून १९४३, बार्नेट खटला, सहा विरुद्ध तीन. त्या निकालात एक गमतीदार नोंद आहे: ही सलामी हिटलरच्या सलामीसारखी दिसते अशी तक्रार पालक-शिक्षक संघ, स्काउट, रेडक्रॉस यांनीही केली होती. त्यावर वेस्ट व्हर्जिनियाच्या शिक्षण मंडळाचा तोडगा काय? हात ताठच, फक्त तळवा वर करा!

काळा_कोट

राहिलंच. याच बार्नेटचा आधार आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये घेतला, बिजो इमॅन्युएल खटल्यात. केरळमधली तीन भावंडं, पंथ तोच. राष्ट्रगीताला नीट उभी राहत, पण गात नसत. शाळेनं काढलं. न्या. चिन्नप्पा रेड्डींनी त्यांना परत घ्यायला लावलं. हात करायचा की नाही, गायचं की नाही, हा सक्तीचा प्रश्न या खटल्यांत कोर्टात गेला तेव्हा समोर शाळकरी पोरंच उभी दिसतात, हे मला नेहमी विचित्र वाटतं.

अमरावतीकर

थोडं आमच्या गावचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आमच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक तिकडे गेलं होतं, कबड्डी आणि आपले देशी खेळ करून दाखवायला. त्या ऑलिंपिकात हाताचा घोळ मोठाच झाला होता. कारण ऑलिंपिकची स्वतःची एक सलामी होती, उजवा हात बाजूला लांब. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या पोस्टरवर उघडे खेळाडू तशाच हातांनी उभे आहेत. बर्लिनमध्ये उद्घाटनाला फ्रान्सचा चमू हात करून गेला आणि स्टेडियम दणाणलं. फ्रेंच म्हणाले आम्ही ऑलिंपिकची केली, जर्मनांना वाटलं आमची केली. युद्धानंतर ऑलिंपिकची ती सलामी कुणी वापरेना.

अवांतर: हॉकीच्या अंतिम सामन्यात ध्यानचंदच्या संघानं जर्मनीला ८–१ हरवलं ती तारीख १५ ऑगस्ट १९३६. तुमच्या कार्यक्रमात हे सांगा, हातापेक्षा जास्त टाळ्या पडतील.

टवाळखोर

फुटबॉलवाल्यांचं पण सांगा की. मे १९३८, बर्लिन, इंग्लंडच्या संघाला सामन्याआधी हात करायला लावला. वरून आदेश, संबंध बिघडू नयेत म्हणून. खेळाडू चरफडले, हात केला, मग जर्मनीला ६–३ नं धुतलं.

आणि त्या कुत्र्याची गोष्ट कुणीच कशी काढली नाही? फिनलंडात तांपेरे गावी एका औषधांच्या व्यापाऱ्याकडे कुत्रा होता, हिटलर म्हटलं की पुढचा पंजा वर करायचा. १९४१ साल. जर्मन परराष्ट्र खात्यात फाइल उघडली गेली! सोव्हिएत संघावर स्वारी चालू, आणि साहेब लोक कुत्र्याच्या पंजावर टिपणं लिहितायत. साक्षीदार मिळेनात म्हणून शेवटी प्रकरण बंद. आपलं तहसील ऑफिस उगाच बदनाम आहे.

ध्वजप्रेमी_७१

सगळं सांगितलंत पण संघाच्या शाखेतल्या प्रणामाबद्दल गप्प बसलात. सोयीस्कर!!

पीटीवाले सर

त्यात गप्प बसण्यासारखं काय? तो प्रणाम हात लांब करून नसतोच. कोपर वाकवलेलं, हात छातीसमोर आडवा, तळवा जमिनीकडे. कुणाला संघ आवडो न आवडो, कवायत म्हणून ती कृतीच वेगळी आहे.

संपादक मंडळ

वरच्या प्रतिसादानंतर आलेले नऊ प्रतिसाद उडवले आहेत. त्यातल्या एकातही हाताबद्दल अवाक्षर नव्हतं. धागा सलामीवर आहे, तिथंच राहू द्या.

चंद्रभागा

अर्थ बदलण्याबद्दल मला जवळचं सांगावंसं वाटतं. माझा पणजोबा गावात वाड्यावर गेला की लांब उभं राहून 'जोहार मायबाप' म्हणे. म्हणावंच लागे. चोखोबांनी तोच शब्द अभंगात आणला आणि विठ्ठलापुढं ठेवला, म्हणून तो वारकऱ्यांच्या तोंडी गोड झाला. आमच्या घरात तो कधीच गोड झाला नाही. कामठीच्या बाबू हरदासांनी 'जय भीम' रूढ केला आणि जोहार आमच्याकडून गेला तो गेलाच.

मग मी नोकरीनिमित्त रांचीला गेले. पहिल्याच दिवशी ऑफिसात एक आदिवासी सहकारी हसत हसत म्हणाली, 'जोहार!' माझा चेहरा पडला असणार, कारण ती गोंधळली. तिच्या लेखी तो अभिमानाचा शब्द, सभेत, भाषणात, लग्नाच्या पत्रिकेवर मिरवायचा. तिची काही चूक नव्हती. माझीही नव्हती. तीन वर्षं ती जोहार म्हणायची, मी जय भीम म्हणायचे, आणि मग चहा.

तुमच्या हाउसमाइस्टरचा चेहरा मला न पाहता दिसला.

उंबरठा

चंद्रभागाताई, हे माहीत नव्हतं. माझ्या वरच्या प्रतिसादातला सूर जरा चढा होता. मत अजून तेच आहे, पण सूर मागे घेतो. आपल्याकडे महाराजांना मानाचा मुजरा, आणि माझ्या लखनौच्या रूममेटला मुजरा म्हटलं की घुंगरू आठवायचे. त्याच्याशी मी आठवडाभर बोललो नव्हतो ते आठवलं.

मेलबर्नची_माहेरवाशीण

नेकारकाठ, तो हॅम्बुर्गच्या गोदीतला फोटो पाहिलाय का? १३ जून १९३६, जहाजाचं जलावतरण, शेकडो हात वर आणि मधे एकच माणूस हाताची घडी घालून. तो कोण यावर दोन कुटुंबांचा दावा आहे. मला त्या जहाजाची गंमत वाटते. नाझींनी हुतात्मा ठरवलेल्या 'होर्स्ट वेसेल'चं नाव होतं, युद्धानंतर अमेरिकेनं भरपाईत घेतलं, आणि 'ईगल' नावानं त्यांचे तटरक्षक दलाचे कॅडेट आजही त्याच्यावर शिडं चढवायला शिकतात. जहाजाचं नाव बदलून काम भागलं.

नेकारकाठ

पाहिलाय. हाताची घडी हा पर्यायही बैठकीत मांडू का? :)

नेकारकाठ

बैठक झाली, कार्यक्रमही झाला, उशिरा लिहितोय.

बैठकीत पावणेदोन तास वाद. शेवटी काकूंनीच सोडवलं. म्हणाल्या, शब्द एकही बदलायचा नाही, हात छातीवर. एका गृहस्थांनी हरकत घेतली की ही अमेरिकन नक्कल. काकू म्हणाल्या, 'मग नमस्कार करा, पण आता घरी जाऊ द्या, कुकर लावायचाय.' छातीवर ठरलं.

मी कार्यक्रमाआधी हाउसमाइस्टरला सांगायला गेलो. त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, 'मग यंदा पडदे उघडे ठेवू ना? उन्हाळ्यात आत फार कोंदट होतं.'

पोरांनी एका तालमीत शिकून घेतलं. इथं जन्मलेली, त्यांना हाताची सवय होतीच कुठं. कार्यक्रमात सगळ्यांचे हात बरोबर छातीवर. आर्यचा उजव्याऐवजी डावा, पण छातीवर. आणि मागं खुर्च्यांवरून उठून उभे राहिलेले आम्ही आईबाप, पुण्या-नाशकाच्या शाळांत दहा-दहा वर्षं काढलेले. 'भारत माझा देश आहे' ऐकलं मात्र, आणि मागच्या दोन रांगांतून सात-आठ उजवे हात सरळ पुढं आले. एक माझा होता. मुलगी वळून बघत होती, पडदे उघडे होते.

पीटीवाले सर

खांद्याच्या रेषेत होता ना?

नेकारकाठ

होता, सर.